फ्लॅटमधली माऊ: आधी जाळी, मग बाकी सगळं

घरी मांजर आणायचं ठरलं की लोक पहिल्यांदा बेड, बाऊल, घुंगराचा पट्टा आणि खेळणी घेऊन येतात. ते सगळं नंतर घ्या हो, आधी जाळीवाल्याला बोलवा. ठाण्यात आणि नवी मुंबईत आपण आता बरेच जण उंचावर राहतो, घोडबंदर रोडला तर विसावा पंचविसावा मजला म्हणजे काही विशेष राहिलेलं नाही, खारघर उलव्यालाही तेच, आणि अशा घरात मांजरीला मोठा धोका कुत्र्याचा नसतो की गाडीचा नसतो, उघड्या खिडकीचा असतो.

"मांजर काय, चार पायांवर उतरते" हे सांगणारं कुणीतरी प्रत्येक सोसायटीत असतंच. पडताना अंग वळवून पाय खाली करायचं त्यांना जमतं हे खरंय, पण पाय खाली आले म्हणून हाडं मोडायची राहत नाहीत. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्राण्यांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती छापली होती, त्यात उपचार मिळालेली ९० टक्के मांजरं वाचली होती, आणि लोक तेवढाच आकडा धरून बसतात. पण जागीच गेलेलं मांजर हॉस्पिटलमध्ये कोण नेणार, ते त्या आकड्यात येणारच नाही ना. आणि जी वाचली त्यांच्यातही छातीला मार, फाटलेली टाळू, मोडलेला जबडा, मोडलेले पाय असं सगळं होतंच. त्यामुळे तो आकडा ऐकून निश्चिंत व्हायचं काहीच कारण नाही.

मांजर मुद्दाम उडी मारत नाही, ती कबुतराच्या मागे जाते. एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतर घुटुर्घुम करत बसलं की तिला दुसरं काही दिसत नाही, आणि आपल्याकडे कबुतरांना तोटा नाहीये. दुसरं म्हणजे झोपेत. खिडकीच्या कट्ट्यावर वारं खात लोळता लोळता कूस बदलली की संपलं.

आता जाळी कुठली लावायची ते नीट सांगते. आपल्याकडे बाल्कनीला जी कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी लावतात ती कबुतराला पुरते, मांजरीला पुरेलच असं नाही. एक तर ती दातांनी कुरतडता येते, दुसरं म्हणजे उन्हाने दोऱ्या कडक होतात आणि हाताने ओढल्या तरी तुटतात, आणि कोपऱ्यातले हुक ढिले झाले की जाळी खालून उचलली जाते आणि मांजरीला नेमकी तीच जागा सापडते. नायलॉनच लावायची असेल तर जाड घ्या, भोक लहान घ्या, आणि महिन्यातून एकदा सगळ्या कडा हाताने ओढून बघा, पावसाळा संपल्यावर तर नक्कीच. जमत असेल तर स्टेनलेस स्टीलची जाळी सगळ्यात उत्तम. हल्ली ती इन्व्हिजिबल ग्रिल म्हणून स्टीलच्या उभ्या तारा लावतात ना, ती लहान मुलांसाठी ठीक आहे, पण दोन तारांमधून पिल्लू आरामात बाहेर जातं आणि बारीक अंगाची मोठी मांजरही जाते, डोकं गेलं की बहुतेक वेळा अंग जातंच. स्लायडिंग खिडकीच्या डासांच्या जाळीवर भरवसा ठेवू नका. फायबरची असेल तर नखाने फाटते, आणि जाळीचा पल्ला सरकता असेल तर मांजर पंजाने सरकवते, म्हणून त्याला छोटं लॉक बसवून घ्या, फार पैसे लागत नाहीत.

हॉल आणि बेडरूम झालं की लोक थांबतात. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी राहते, किचनच्या एक्झॉस्ट फॅनचं भोक राहतं, ड्राय बाल्कनी राहते. बाथरूमची खिडकी बऱ्याच बिल्डिंगमध्ये पाइपांच्या डक्टमध्ये उघडते आणि तिथे पडलेली मांजर काढायला फायर ब्रिगेड बोलवायची वेळ येते. घरात फिरताना एकदा गुडघ्यावर बसून मांजरीच्या उंचीवरून बघा, मग एकदा स्टुलावर चढून बघा, अशी भोकं लगेच दिसतात.

मेन डोअरचंही तेच. कुरियरवाला आला, दूधवाला आला, कामवाल्या मावशी आल्या, दार उघडं राहिलं आणि माऊ जिन्यात. आतून बारीक जाळीचं सेफ्टी डोअर असलं तर फार सोपं होतं. मावशींना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी शांतपणे सांगून ठेवा की दार उघडायच्या आधी मांजर कुठंय ते बघायचं. तरीही निसटली तर लक्षात ठेवा की घरात राहणारी मांजर लांब पळत नाही, ती घाबरून जवळच कुठेतरी दडून बसते आणि तुमची हाक ऐकूनही आवाज देत नाही. त्यामुळे रस्त्यावर शोधत फिरण्याआधी स्वतःच्या बिल्डिंगचा प्रत्येक मजला, फायरचा जिना, मीटर रूम, पार्किंगमधल्या गाड्यांखाली असं बघा, आणि रात्री वर्दळ कमी झाली की टॉर्च घेऊन परत बघा, अंधारात डोळे चमकतात.

एवढं झालं की मग बाकीचं. बाकीच्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे लिटर बॉक्स, म्हणजे तिची शी-शूची लिटर भरलेली पेटी, कारण मांजर आजारी पडली की सांगत नाही, लपवते, आणि जे काही कळतं ते आधी लिटरमध्येच कळतं. रोज सकाळ संध्याकाळ स्वतः साफ करा, नुसतं वास जावा म्हणून नाही तर बघण्यासाठी. लघवीचे गोळे किती आहेत, नेहमीएवढे आहेत का, मोठे झालेत का, शी पातळ आहे का, रक्त आहे का. गोळा होणारं बेंटोनाइटचं, म्हणजे एका प्रकारच्या मातीचं लिटर यासाठी बरं पडतं. थर तीन बोटं तरी जाड हवा, बॉक्स मोठा हवा, मांजर आत पूर्ण वळू शकली पाहिजे, आणि जितकी मांजरं त्याच्यापेक्षा एक बॉक्स जास्त ठेवावा असं डॉक्टर सांगतात. आपल्या वन बीएचकेमध्ये ते सगळ्यांना जमत नाही हे मलाही माहीत आहे, पण दोन मांजरं आणि एकच छोटा बॉक्स हे करू नका, मग ती सोफ्यावर करतात आणि आपण तिच्यावर ओरडतो. आणि हो, लिटर कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो.

बोका असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट स्राव अडकून लघवी बंद होऊ शकते. तो परत परत लिटरमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, कण्हतो, सारखा खाली चाटत राहतो, आणि लिटरमध्ये थेंबभर ओल किंवा काहीच नाही. घरच्यांना वाटतं की पोट साफ होत नाहीये, मग कुणी एरंडेल पाजतं, कुणी उद्या बघू म्हणतं. उद्या बघायचं नाही. लघवी तुंबली की अंगात विष साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, एक दोन दिवसात जीव जातो. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

म्हणूनच रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. गायमुखच्या बाजूला ट्रॅफिक लागला की दोन किलोमीटरला किती वेळ लागतो ते घोडबंदरवाल्यांना सांगायला नको, त्यामुळे नवी मुंबईवाल्यांनी नवी मुंबईतलाच आणि ठाण्यातल्यांनी आपल्या बाजूचाच बघावा. मोठी तपासणी किंवा ऑपरेशन लागलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, पण ते अंतर इमर्जन्सीचं नाही.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, आवड म्हणून नाही तर शरीराची गरज म्हणून. टॉरिन नावाचा एक घटक तिला मांस मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होतं. त्यामुळे घर शाकाहारी असेल तर मनाची तयारी आधी करा, तुम्हाला घरात मटण शिजवायची गरज नाही, चांगलं तयार कॅट फूड आणा, पण तिला दूध भात पोळीवर ठेवू नका. कुत्र्याचं फूड पण चालत नाही. आणि दूध. वशाट न खाणाऱ्या घरात आणि खाणाऱ्या घरातही मांजर म्हटलं की बशीत दूध, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचतच नाही, जुलाब होतात. पिलाला आई नसेल तर त्यांच्यासाठीची वेगळी पावडर मिळते, ती द्या.

आपल्याकडे मासे भरपूर, त्यामुळे रोज मांदेली, बोंबील असं होतं. कधीतरी वाफवून, मीठ मसाला न घालता, काटे काढून द्यायला हरकत नाही, पण रोज फक्त मासे नको, आणि सुकट किंवा सुके बोंबील तर मिठाने भरलेले असतात. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण अन्न नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. शिजवलेली हाडं कधीच नाही, ती टोकदार फुटतात. जेवणातला रस्सा कालवून द्यायची सवय असेल तर मोडा, कांदा लसूण कच्चा असो शिजवलेला असो, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

पाणी मांजरं मुळातच कमी पितात. म्हणून दिवसातून एकदा तरी ओलं फूड, ज्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाण्याचे दोन तीन बाऊल घरात वेगवेगळ्या ठिकाणी, खाण्यापासून आणि लिटरपासून लांब, रुंद तोंडाचे, आणि रोज बदलायचे. ड्राय फूडचा बाऊल दिवसभर भरून ठेवू नका, मोजून द्या, फ्लॅटमधली मांजरं फार लवकर जाड होतात. फूड बदलायचं असेल तर आठवडाभर जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत न्या. आणि एक दिवसभर काही खाल्लंच नाही तर नखरे समजून बसू नका, विशेषतः जाड मांजर दोन तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हर बिघडतं.

आता घरातलं विष. लादी पुसायचं फिनाइल. मांजरीचं शरीर फिनॉल जातीची रसायनं नीट बाहेर टाकू शकत नाही, ती ओल्या लादीवरून चालते आणि मग पाय चाटते. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, आणि काहीही वापरलं तरी लादी सुकेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. कपाटातल्या डांबर गोळ्या, देवघरातला कापूर, निलगिरीचं आणि टी ट्री तेल, हे सगळं डबाबंद. माणसाच्या तापाची गोळी म्हणजे क्रोसिन, डोलो, कुठलंही पॅरासिटामॉल, एक गोळीही मांजरीला मारू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे कारण प्रेमापोटीच कुणीतरी अंग गरम लागतंय म्हणून देतं. मांजरीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, ३८ ते ३९ डिग्री सेल्सिअस. कुत्र्यांच्या गोचिडाचे मानेवर टाकायचे थेंब मांजरीला लावू नका, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने झटके येतात.

फुलांच्या गुच्छात लिली आली तर दारातूनच परत. पान, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा, कशानेही मांजरीची किडनी जाते. मनी प्लांट आणि पीस लिली तेवढे घातक नाहीत पण तोंडाची आग होते, लाळ गळते, त्यामुळे तेही उंच टांगा. तुळशीची काळजी नको.

आणि दोरा. शिवणाचा, गजऱ्याचा, राखीचा, पूजेतल्या लाल धाग्याचा, संक्रांतीच्या मांजाचा. मांजरीची जीभ खरखरीत असते, दोरा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो, आणि आतड्यात गेला की आतडं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसाच ठेवून डॉक्टरकडे न्या. फ्रंट लोड वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघा, उबदार कपड्यांत झोपायला त्यांना फार आवडतं.

लसीचं थोडक्यात. पिल्लू दीड दोन महिन्यांचं झालं की तीन रोगांवरची एकत्र लस सुरू होते, तीन चार आठवड्यांनी पुढचे डोस, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीज, मग पुढचे बूस्टर डॉक्टर सांगतील तसे. घराबाहेर जात नाही म्हणून लस नको हे चूक आहे, पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू आपल्या चपलांवरून घरात येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. जंताचं औषध नियमित. नसबंदी पाच सहा महिन्यांच्या आत करून घ्या, भाटी चार महिन्यांचीही गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं देते. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असं म्हणतात त्याला काही आधार नाही, उलट पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल तर मांजर सोडून देऊ नका. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, मांजरीच्या शीतून लागू शकणारा हा परजीवी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो, पण त्याचे जंतू शीमध्ये बाहेर पडल्यावर लागण करायला त्यांना कमीत कमी एक दिवस लागतो, म्हणून लिटर रोज साफ झालं पाहिजे, आणि ते दुसऱ्या कुणी करावं एवढंच.

अजून आणली नसेल तर मनापासून सांगते, देशी मांजर आणा. पर्शियनचा चपटा चेहरा आणि तो एवढा केसाळ कोट आपल्या एप्रिल मेच्या दमट उकाड्यासाठी नाहीच आहे, श्वासाचा त्रास, डोळे गळणं, रोज विंचरलं नाही तर केसांच्या जटा. देशी पिल्लं तुमच्याच पार्किंगमध्ये घराची वाट बघत असतात. आणि कमिटी म्हणाली की प्राणी चालणार नाहीत, तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे.

मांजर खूश कशाने राहते? उंचीने. तिला चढायला जागा द्या, कपाटाचा वरचा भाग मोकळा करा, खिडकीजवळ, अर्थात जाळी लावलेल्या, एक फळी ठोका. लपायला पुठ्ठ्याचा खोका. नखं घासायला तिचं अंग पूर्ण ताणलं जाईल एवढा उंच खांब, जाड लाकडाला सुतळी घट्ट गुंडाळली तरी झालं, आणि तो कोपऱ्यात नाही तर ती जो सोफा फाडते त्याच्या शेजारी ठेवा. नखं काढून टाकायचा विचारही नको, त्यात बोटाचं शेवटचं हाड कापतात. रोज दोनदा दहा पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने खेळवा, शिकार तिच्या हाती लागू द्या, आणि मग जेवण. रात्रीच्या खेळानंतर जेवली की पहाटे चारला तुमच्या पोटावर उड्या मारायचं प्रमाण खूप कमी होतं. ती तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटत असेल तर तुम्हीही तसेच मिटा, हे त्यांचं विश्वासाचं बोलणं आहे. शेपटी आपटायला लागली की हात काढून घ्या, आणि हे लहान मुलांना शिकवा.

ऋतूंचं पण बघावं लागतं. उन्हाळ्यात मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर ते नॉर्मल नाही, लगेच गार खोलीत घ्या, अंग पंजे ओले करा आणि डॉक्टरला फोन करा. पावसाळ्यात ड्राय फूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा नाहीतर बुरशी येते, आणि अंगावर गोल टक्कल दिसलं तर गजकर्ण असू शकतं, ते माणसांनाही होतं. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतली खोली, पडदे बंद, टीव्ही चालू, आणि कॅरियर, म्हणजे तिला न्यायची-आणायची पेटी, उघडा करून आत तिची जुनी चादर. कॅरियर तसाही वर्षभर उघडाच ठेवा, फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढला की ती पलंगाखाली जाऊन बसते. रिक्षात कॅरियर मांडीवर, वर पातळ ओढणी, आणि दाराची कडी दोनदा बघा.

राहिलं गणपतीचं. आपण सगळे कोकणात निघतो आणि मांजरीचं काय हा प्रश्न येतो. आठ दहा तासांच्या प्रवासाला आणि गावच्या भरल्या घराला ती घाबरते, तिथून निसटली तर सापडणं अवघड, त्यामुळे तिला तिच्या घरातच राहू द्या आणि ओळखीचं कुणीतरी दिवसातून दोनदा येईल अशी सोय करा. नुसतं तीन दिवसांचं खाणं भरून ठेवून जाऊ नका. जो येणार त्याला आधी एक दोन वेळा घरी बोलवून ओळख करून द्या. कागदावर लिहून ठेवा, किती फूड, कुठल्या डब्यातलं, लिटरमध्ये रोज किती गोळे असतात, डॉक्टरचा नंबर, खर्चासाठी थोडे पैसे, आणि तुम्ही फोन उचलला नाही तरी उपचार सुरू करा ही परवानगी, कारण गावात रेंज नसते. निघायच्या आधी सगळ्या जाळ्या एकदा ओढून बघा, बाथरूमचं दार लावा, आणि जो येईल त्याला सांगा की आल्यावर आणि जाताना मांजर डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.